डब्यातलं अंडं

प्रिय आई,
रागावलेल्या लेकाचा सलाम.

मी ठणठणीत आहे. लाँड्रीतली नोकरी पक्की झाली. बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस.

आता राग ऐक. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायची सवय तूच लावलीस. वीस वर्षं मी ती मोडली नाही. इथे मात्र तीन आठवडे झाले, ‘आमेन’ म्हणून डोळे उघडावेत तर डब्यातलं अंडं गायब. आणि सगळे असे जेवतात, जणू त्या गावचेच नाहीत.

आज एक डोळा उघडा ठेवूनच प्रार्थना केली. चोर सापडला. माझ्या शेजारी बसणारा म्हातारा इस्त्रीवाला. मी हात धरला तर म्हणतो, “तुझी प्रार्थना फार लांबते. माझ्या पोटाला तेवढा दम नाही.”

अंगाचा तिळपापड झाला. मग पाहिलं, त्याच्यापुढे डबाच नव्हता, नुसता चहा. तीन आठवडे शेजारी बसून मला ते दिसलं नाही, याचा राग तर आणखीच.

उद्यापासून दोन अंडी उकडीन. प्रेमाने द्यावं म्हणतेस, ते काही जमत नाही, रागानेच देईन. आणि डोळे मिटीन ते त्याला वाढून झाल्यावर.

तुझा,
धाकटा