आनंदीचा अर्ज आणि माझं व्याख्यान

मालवण, ९ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप दाजींस परशुरामाचा साष्टांग नमस्कार.

मुंबईत थंडीत तुमचा दमा कसा आहे, आणि सुशीलाताईला जिना चढवतो का, ते कळवा. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आनंदीचं मात्र क्षेम नाही. आपल्या काशीची ही पोरकी लेक. तिच्या नवऱ्याचं, गंगारामचं, तारू गेल्या वर्षी नारळीपौर्णिमेनंतर देवगडच्या बाजूला गेलं ते परतलं नाही. तारू नाही, माणूस नाही, साधं फळकूटही किनाऱ्याला लागलं नाही. सासरच्यांनी शिमग्यापर्यंत तिला जेवू घातलं आणि मग माझ्या दारात आणून सोडलं. माझ्या घरात पुस्तकं भिंतभर आहेत आणि तांदळाचा डबा वाजतो, हे तुम्ही जाणताच (सभेत टाळ्या मिळतात, त्या शिजत नाहीत).

इथल्या एका शाळेत मास्तरणीची जागा निघाली. पोरगी सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. तिने स्वतः लिहिलं असतं तर अर्ध्या पानात काम होतं. पण मामा वक्ता ना. मी बारा पानी अर्ज लिहिला. पहिली पानं कोकणच्या उपेक्षेवर, मधली रशियातल्या स्त्रीशिक्षणावर; संयुक्त महाराष्ट्राची मागणीही घातली (ज्या सरकारकडे नोकरी मागायची त्यालाच). आनंदीचं नाव नवव्या पानावर आलं. सातवी पास हे लिहायचं राहूनच गेलं. त्याऐवजी ‘अनाथ, अभागी विधवा’ असं लिहिलं, कारण वाक्याला वजन हवं होतं.

तरी मुलाखतीचं बोलावणं आलं. बहुधा हा अर्ज लिहिणारं माणूस पाहायला. आमच्याकडे कचेरीत कोणी एकट्याने जात नाही, तेव्हा अर्धी वाडी येऊन ओटीवर बसली. आत तीन साहेब. त्यांनी आनंदीला नाव विचारलं आणि उत्तर मी दिलं. उभं राहून दिलं. देव मी मानत नाही हे तुम्हांला ठाऊक आहे, पण लहानपणापासून देवळात देवापुढे घातलेली गाऱ्हाणी ऐकली, त्यामुळे आवाज चढला की माझ्या जिभेला तीच चाल लागते. ओटीवरच्या मंडळींना तर गाऱ्हाण्यात माणूस थांबला की हुंकार द्यायची सवय. मी म्हणालो, ही लेक आज विधवा होऊन तुमच्या दारात उभी आहे, आणि श्वास घ्यायला थांबलो. बाहेरून सगळी वाडी एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

आनंदी उठली. सकाळपासून मी तिला कचेरीत शुद्ध बोलायला पढवत होतो. ती म्हणाली, “माझो घोव मेलो नाय. तो अजून येवक नाय.”

मोठ्या साहेबाने अर्जाकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि दौतीला बूच लावलं. माहिती खोटी, असा शेरा पडला. परतताना रस्त्याने धोंडू, ज्याचा आवाज सर्वांत मोठा लागला होता, माझ्या मागून पुटपुटला, “तुमी थांबलास म्हणान मी म्हटलंय, काकानू.”

ताईस नमस्कार.

आपला,
परशुराम

ता. क. – मुंबईच्या एका प्रसूतिगृहात शिकाऊ परिचारिकेची जागा आहे. या वेळी तिने स्वतः चार ओळी लिहिल्या. दुरुस्तीसाठी मी टाक उचलला, तर तिने दौत उचलून आत नेली. बोलावणं आलं आहे. गुरुवारच्या बोटीने ती निघेल. तुमच्या स्वयंपाकघरात तिला निजायला जागा द्या. मुलाखतीला तिला एकटीला जाऊ द्या. तुम्हीही बरं बोलता, म्हणून फुटपाथवरच थांबा.

आणखी एक. ती रोज सकाळी कुंकू लावते. ताईने त्यावर काही बोलू नये. शेजारणींनी विचारलंच तर नवरा समुद्रावर आहे म्हणावं. त्यापुढे खुलासा नको. तो मी एकदा करून बसलो आहे.