पीक साधारण, जनावरं बरी

४ जून

कृषी ऑफिसातून साहेबांचा फोन. पुन्हा तेच! "तुमच्या भागात एकही पीक कधी चांगलं येत नाही का हो? दर अहवालात मका साधारण, कांदा साधारण, म्हशी साधारण. माणसं तरी?" मी म्हटलं, लोक सांगतात ते लिहिते. "मग डोळ्यांनी बघा आणि लिहा!" आणि फोन ठेवला.

आता साहेबांना कसं समजावू? आमच्याकडे आपल्या उभ्या पिकाला, दावणीच्या जनावराला 'चांगलं' कुणी म्हणतच नाही, नजर लागते म्हणे. कणीस वाकेपर्यंत भरलेलं असलं तरी उत्तर काय — "बरंय म्हणायचं." विकून टाकलेली गाय चांगली. वाहून गेलेला कांदा चांगला. मेल्या म्हशीला मणभर दूध! आणि या सगळ्यांचा राजा माझ्याच घरात. शाळेत मी पहिली आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "पास झालीस ना? मग झालं."

११ जून

जनावरांचे नवे डॉक्टर आले. वर्षभरासाठीच नेमणूक. यापुढे फेरी एकत्र — पिकं मी बघायची, जनावरं त्यांनी. उंच आहेत. हात तर एवढे लांब की जीपच्या खिडकीतून बाहेरच राहतात. बोलतात फार.

१४ जून

हसून हसून पोट दुखलं! आधी लिहिते, नाहीतर विसरेन.

फेरी आमच्या गोठ्यापासूनच सुरू केली. आमची मिजास उभी होती, नेहमीसारखी मान वर करून. (गाय आहे, पण तोरा असा की नाव आपोआपच पडलं.) डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, डोळे बघितले, कास बघितली आणि मोठ्याने म्हणाले, "वा काका! फार चांगली गाय आहे तुमची."

बाबांचा चेहरा पांढराफटक. खुंटीला धरून उभे राहिले. "का? काय झालंय तिला?"

"काही नाही. चांगली आहे!"

"डॉक्टर, लपवू नका. किती दिवस आहेत तिच्याकडे?"

मी बाहेर पळाले. ओढणी तोंडात कोंबली. शेजारून आत्या धावत आली, "काय गं, कोण गेलं?" तिला सांगितलं तर ती भिंतीला टेकून खालीच बसली. डॉक्टर बिचारे आळीपाळीने सगळ्यांकडे बघताहेत! शेवटी त्यांना जीपमध्ये बसवून सगळं समजावलं. ते मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या जीपला काय म्हणायचं?" म्हटलं, चालते.

२ जुलै

डॉक्टर शिकले. आज प्रत्येक दावणीपाशी कपाळाला आठी घालून "चालेल", "बरं आहे", "बघू". लोक खूश! शेळीवाल्या मावशींनी तर जाताना अंडी दिली. म्हणाल्या, "या डॉक्टरला कळतं हो काहीतरी."

मका गुडघ्याएवढा. चारा हिरवागार. अहवाल — पीक साधारण, जनावरं बरी. डॉक्टरांनी सही करताना मान हलवली. "आपण दोघं खोटारडे आहोत." 'आपण दोघं' म्हणाले.

१९ ऑगस्ट

मक्याच्या शेतात शिरलो तर एकमेकांना दिसेनासे झालो. ते पलीकडच्या ओळीतून हाका मारताहेत, मी मुद्दाम ओ देत नाही. मोठी झालेय का मी? छे!

घरी आले तर आत्या दारातच. "काय गं, आपल्याकडची जनावरं फारच आजारी पडायला लागली वाटतं. डॉक्टर दिवसाआड दिसतात." बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

२० ऑगस्ट

हो. आवडतात. लिहून टाकलं.

६ सप्टेंबर

आई गेली तो दिवस. बाबा आज शेतावर गेले नाहीत. आईचं कपाट उघडून बसले आणि बिजागरीला तेल घातलं. दरवर्षी घालतात. ते कपाट कधीच कुरकुरत नाही.

आई होती तेव्हा तिच्या स्वयंपाकाला "मीठ बरोबर आहे" याच्यापलीकडे कधी काही ऐकलं नाही तिने. ती म्हणायची, "मीठ बरोबर आहे म्हणजे ताट चाटूनपुसून खाल्लंय." ती गेली त्या दुपारी लोक बसले होते, आणि बाबा कुणाकडेही न बघता म्हणाले, "फार चांगली होती." मी त्यांच्या तोंडून तो शब्द माणसाबद्दल तेव्हाच ऐकला. पुन्हा नाही.

२१ ऑक्टोबर

मक्याची कापणी. कणसं अशी की पोती पुरेनात, लोक जुन्या चादरी शिवून आणताहेत. चक्कीवाल्याला विचारलं, काय म्हणतो हंगाम? तो पोत्यांच्या ढिगावर बसून, पाय हलवत — "निभावलं."

१३ जानेवारी

मिजास व्याली! पण काय सकाळ गेली!

वासरू आडवं आलं होतं. बाबांनी सगळं करून बघितलं, मग मला नुसतं म्हणाले, "बोलाव." डॉक्टर आले तसे शर्ट काढून, खांद्यापर्यंत साबण लावून गोठ्याच्या जमिनीवर आडवे झाले. बाबा मिजासच्या डोक्याशी, तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. मी दोरी धरून. डॉक्टरांनी आत हात घालून वासराचे पाय सरळ केले, ओरडले, "ओढा!" आम्ही तिघंही ओढता ओढता एकमेकांवर पडलो आणि आमच्यावर वासरू! कालवड. पांढऱ्या पायांची. उभी राहायच्या आधीच मान वर. आईवरच गेली.

डॉक्टर हात धूत होते. बाबा टॉवेल घेऊन उभे. शेवटी म्हणाले, "हात लांब आहेत."

डॉक्टरांचे कान लाल झाले. आता त्यांनाही कळतं, केवढं मोठं बक्षीस आहे ते!

९ फेब्रुवारी

कालव्याच्या पुलावर डॉक्टरांनी जीप थांबवली. मला वाटलं, टायर गेला. म्हणाले, "मे महिन्यात माझी बदली. लांब आहे. येशील?" तिकडेही पिकं मोजायला माणूस लागतोच म्हणाले, चौकशी करून आले होते.

मी हो म्हटलं. एवढ्या पटकन म्हटलं की लाज वाटली. मग सांगितलं, पण बाबांना विचारा. आणि त्यांच्या 'बघू'वर मी यायची नाही. आईमागे आम्ही दोघंच आहोत. त्यांनी मनापासून सोडलं तरच मी जाईन. नाहीतर मला तिकडे भाकरीचा घास उतरायचा नाही.

१० फेब्रुवारी

डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, "बघू."

१८ मार्च

गव्हाचा उतारा मोजायच्या कापणी प्रयोगासाठी चिठ्ठीत या वर्षी आमचंच शेत निघालं! नियमाप्रमाणे दोरीने चौकोन आखला, तेवढाच कापला, झोडला, वजन केलं. काटा बघून पुन्हा वजन केलं. सगळ्या भागात एवढं कुणाचंच नाही. ओंबी तळहातावर चोळली तर दाणे टपोरे, टचटचीत. मी आनंदाने ओरडलेच.

बाबा म्हणाले, "दोरी सैल धरली असशील."

मग मीही त्यांचीच मुलगी. ऑफिसात गेले आणि अहवालात लिहिलं — गहू: उत्तम. जनावरं: उत्तम. डॉक्टरांनी खाली सही केली. ठसठशीत!

२० मार्च

साहेबांनी अहवाल बाजारातल्या फळ्यावर लावला. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आत्याकडून निरोप: "अजून निम्मा गहू उभा आहे म्हणावं. हिला जगाला ओरडून सांगायची काय घाई होती?"

२३ मार्च

दुपारी काळं आभाळ. गारांचं. सगळा बाजार फळ्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. शेळीवाल्या मावशींनी ओळख दाखवली नाही. मी घरी येऊन विळा घेतला आणि बाबांच्या शेजारच्या ओळीला लागले. थोड्या वेळाने डॉक्टर आले, त्यांनीही विळा घेतला. कापायला येत नाही त्यांना. बाबांनी बोट कसं वाचवायचं ते दाखवलं. आभाळ डोंगरापलीकडे सरकलं तेव्हा आम्ही शेवटच्या पेंढ्या बांधत होतो. चार थेंबही पडले नाहीत!

पेंढीवर बसून बाबांनी पाण्याचा तांब्या आधी डॉक्टरांना दिला. मला म्हणाले, "दोरी घट्टच धरली होतीस म्हणायची."

बोलले! माझ्याशी बोलले!

११ एप्रिल

सगळ्यांचा गहू घरात. आता फळ्यासमोर गर्दी. चक्कीवाला 'उत्तम' शब्दावर बोट ठेवून लोकांना वाचून दाखवतो. पीक घरात आलंय, आता बोलायला हरकत नाही म्हणे.

२ मे

बदलीचा कागद आला. बाबांना सांगितलं. "बघू." आत्या भांडी आपटत म्हणाली, "अरे, किती बघशील? डोळे जातील! आणि माझी भाकरी काय कडू आहे? मी आहे ना शेजारी." बाबा उठून गोठ्यात गेले.

मी डॉक्टरांना सांगितलं, नाही जमलं तर नाही. ते म्हणाले, थांबेन. मी म्हटलं, किती? ते म्हणाले, "बघू." आणि आम्ही दोघंही हसलो. पण मला रडू येत होतं.

१७ मे

डॉक्टर निरोप घ्यायला आले. बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, कालवड मागे मागे. मी दारात होते. बाबा फाटकाला हात ठेवून थांबले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "पोरगी फार चांगली आहे."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक! आमच्यातलेच झालेत ते आता. "का? काय झालंय तिला?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तुमच्याबरोबर येतेय."

मी तिथेच उभी राहिले, चौकटीला धरून. मग मिजास हंबरली. तिला वैरण टाकायला गेले. अजून थोडे दिवस ते माझंच काम आहे.