तबकडीवरचा धवला

थळ, वैशाख, १९५६. संध्याकाळ

अंगावरचा काटा अजून जात नाही. आत्या आमच्या गावची धवलारीण, लग्नं तिने गायलेल्या धवल्यांनीच लागतात. गेल्या साली काशीच्या लग्नात ती गायली, ते मुंबईच्या कंपनीने तबकडीवर उतरवलं. वर छापलंय, सर्व हक्क कंपनीकडे. म्हणजे आता आत्याने गायचं ते कंपनीला विचारून? सकाळपासून मी त्याच धास्तीत.

आज शेवंताच्या हळदीला कुणीतरी हौसेने तीच तबकडी लावली. आवाज आत्याचाच, पण नवरीचं नाव आलं काशीचं! सगळ्या बाया शेवंताकडे बघू लागल्या.

आत्याने सुई उचलली. "ह्यो काशीचा हाय. शेवंताचा आजून व्हायचा हाय."

आणि शेवंताचं नाव घालून तिने धवला धरला. बाजूला तबकडी मुकी फिरत राहिली, सर्व हक्कांसकट.