पहिली दहा मिनिटं मुलीची

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या त्या चावऱ्या घोड्याची हकीकत मी जेवताना मोठ्यानं वाचली आणि हिला हसता हसता ठसका लागला. हात बरा आहे ना? तू त्याबद्दल लिहायचं टाळलंयस, म्हणजे नसणारच.

आता आमच्याकडची तक्रार. खारू आठवीत गेल्यापासून तिच्या शाळेनं एक नवीन खूळ काढलंय. आठवड्यातून एकदा ‘पुढे काय’ नावाचा तास असतो, आणि वर्षातून दोनदा आई, बाप, मूल आणि वर्गशिक्षिका अशी चौघांची बैठक. त्यात पहिली दहा मिनिटं मुलानं बोलायचं. अभ्यासात काय जमतंय, कुठे अडतंय, नववीला कोणते विषय घ्यावेसे वाटतात. तोवर आईबापांनी तोंडाला कुलूप लावायचं.

काल आमची पाळी होती. बाईंनी खारूला विचारलं की गणितात कुठे अडतं. ती जरा थांबली, आणि ताई, मी बोलून गेलो. तेही कसं, तर मला अपूर्णांक जमतात पण शाब्दिक उदाहरणं नको वाटतात, असं चक्क ‘मला’ म्हणून! इस्पितळात दुभाष्याला असंच बोलावं लागतं. पेशंटचं पोट दुखत असलं तर मी डॉक्टरांना माझं पोट दुखतंय असंच सांगतो. इतक्या वर्षांची सवय, जाते कुठे? बाई हसल्या. हिनं टेबलाखालून पाय दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण बाईंनी पुढचं विचारलं आणि मीच सांगून टाकलं की मला आत्यासारखं जनावरांचं डॉक्टर व्हायचंय, म्हणून शास्त्राचा जादा विषय घेणार. आता यात खोटं काय आहे? एवढीशी होती तेव्हापासून ती हेच सांगत आलीये.

घरी आल्यापासून खारूबाई गप्प आहेत. काही विचारलं की नुसती मान हलते. वर्गशिक्षिकेनं निघताना बजावलंय की मार्चच्या बैठकीत खारू स्वतःच्या तोंडानं सांगेल तेच विषय त्या पक्के करतील. तू तिला चार ओळी लिही ना. शास्त्र घे म्हणावं. तुझं ऐकते ती.

आधी कान उपट आणि मग लोभ कर, पण कर.

तुझा,
धाकटा

१२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक वजा करून.

हात बरा आहे. घोडा त्याहून बरा आहे.

अरे शहाण्या, माझा एकही पेशंट बोलत नाही. गाय येते, ढिम्म उभी राहते. तरी मी तिच्या वतीनं बोलत सुटत नाही. दाबून बघते, वाट बघते, पुन्हा दाबून बघते. तुझ्या घरात धडधाकट बोलणारी पोर आहे आणि तू तिचं तोंड होऊन बसलास! तुझी खोडच आहे ही. लहानपणी पाहुण्यांनी मला विचारलं की कितवीत आहेस, तर उत्तर तू द्यायचास. तेही चुकीचं.

खारूला लिहीन, पण तुझा निरोप पोचवायला नाही. आणि भावजयबाईंना सांग की पुढच्या वेळी पाय जरा जोरात द्या.

माया कमी झालेली नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई

२६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (हे बाबांनी घालायला लावलंय. आई म्हणते नुसतं ‘आत्या’ लिहिलं तरी पोचतं.)

तुझं पत्र मिळालं. तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस, नुसती त्या आळशी बोक्याची गोष्ट लिहिलीस, म्हणून मी हे सांगतेय. आत्या, रागावू नकोस हं. मला डॉक्टर व्हायचं नाहीये. माणसांचं नाही आणि जनावरांचंही नाही. सुट्टीत तू वासराच्या पायातला पू काढत होतीस ना, तेव्हा मी पाणी आणते म्हणून बाहेर पळाले. मला कसंतरीच व्हायला लागलं होतं. डॉक्टर होणार असं मी लहान असताना म्हटलं होतं, कारण तेव्हा तुझ्याकडे मांजरीची पिल्लं होती.

बाबा ओरडत नाहीत, त्यामुळे तशी भीती नाही. पण मी एकाला नाही म्हटलं की ते लगेच दुसरं ठरवतील. मग तिसरं. आणि ते इतक्या छान शब्दांत सांगतात की ऐकता ऐकता मलाच वाटायला लागतं की हे मीच म्हणाले. मग मला काय म्हणायचं होतं ते आठवतच नाही. मला फार रडू येतं तेव्हा, पण मी रडत नाही. शाळेच्या कार्यशाळेत आम्ही बंद पडलेला पंखा उघडला. कुठे बिघडलंय ते शोधायला मला खूप आवडलं. पण हे घरी सांगितलं तर रात्रीच्या जेवणापर्यंत मी इंजिनिअर झालेली असेन.

तू सांगशील का बाबांना? आणि जानेवारीत शाळेतर्फे तीन दिवस कुणाचं तरी काम बघायला जायचं असतं. बाबांनी तुझाच दवाखाना धरलाय.

मी डॉक्टर नाही झाले तरी तू माझी आत्या राहशील ना?

तुझी,
खारू

३ सप्टेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद आणि एक पापा.

वेडाबाई, आत्यापण काय परीक्षेला बसून मिळतं? तू डॉक्टर झाली नाहीस म्हणून माझ्या एकाही गाईचं दूध आटणार नाही. पळालीस तेव्हाच मला कळलं होतं.

पण बाबाला मी सांगणार नाही. एका बाजूनं तो तुझं बोलणार, दुसऱ्या बाजूनं मी, आणि तू मधे बसून दोघांची तोंडं बघणार? ते काही व्हायचं नाही. तुझं तूच सांग, अडखळत का होईना.

जानेवारीत माझ्याकडे जागा नाही. थाप आहे, पण घरी असंच सांग. त्यापेक्षा बाबाबरोबर इस्पितळात जाऊन बस. तो माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण आपल्या कामात तो फार चांगला आहे. ते तू कधी पाहिलेलंच नाहीस.

रुसलीस तर रूस, पण पत्र लिहीत राहा.

तुझी,
आत्या

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात एका मुलीला जागा नाही? मला काय दूधखुळा समजलीस? असो. खारू तीन दिवस माझ्याबरोबर येऊन बसली. पेशंटना विचारूनच तिला आत घ्यायचो. कोपऱ्यातल्या स्टुलावर हातांची घडी घालून बसायची.

शेवटच्या दिवशी एक आजोबा आले होते. छातीत दुखतं म्हणाले आणि मधेच थांबले. डॉक्टरांना घाई होती, त्यांनी पुढचा प्रश्न काढला. मी हात वर केला आणि सगळ्यांना थांबवलं. बराच वेळ गेला. मग आजोबा हळूच म्हणाले की गोळ्या मी मनानंच बंद केल्यात. त्यावर सगळं औषधपाणीच बदललं.

येताना बसमध्ये खारूनं विचारलं की त्यांना पुढे काय म्हणायचंय याचा अंदाज तुम्हाला आला नव्हता का. मी म्हटलं, आला होता, आणि तो साफ चुकला असता. मग काय, मला चेवच चढला. माणूस थांबला म्हणजे त्याचं बोलणं संपलं असं नसतं, आपण मधे पडलो तर त्याचं खरं म्हणणं आतच राहतं, वगैरे वगैरे. आपला स्टॉप येईपर्यंत बोलत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. आणि उतरताना अगदी शांतपणे म्हणाली, की बाबा, मी थांबते तेव्हा माझंही संपलेलं नसतं.

ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. बस निघून गेली तरी मी तिथेच उभा होतो.

तुझी थाप माफ. लोभ होता तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. हिनं या वेळी पाय आधीच माझ्या पायावर ठेवला होता.

खारू बोलायला लागली आणि दुसऱ्याच वाक्यात अडकली. माझ्या जिभेवर तीन तीन शब्द तयार होते, एकाहून एक सरस. गिळले. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग खारू आपलं आपण बोलली. गणित घेणार आणि कार्यशाळा घेणार, कारण वस्तू का बंद पडली ते शोधायला तिला आवडतं. शास्त्राचा जादा विषय नको. डॉक्टर व्हायचं नाही, आणि हे आत्याला ठाऊक आहे. कोण व्हायचं ते अजून माहीत नाही, पण पुढच्या वर्षी कुणी पुन्हा विचारलं तर बरं वाटेल.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तुझ्यासारखा पांढरा कोट घातलेली खारू मी किती वर्षं डोळ्यांपुढे धरली होती. आणि त्याच वेळी ती इतकी नीट बोलली म्हणून ऊर भरूनही आला. दहा मिनिटं संपली. बाई माझ्याकडे वळल्या, आता बाबांचं काय म्हणणं आहे म्हणाल्या. ताई, दोन भाषा येणारा माणूस मी, आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. माझी अवस्था बघून हिनं माझ्या वतीनं बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात खारूनं आईच्या हातावर हात ठेवला आणि तिला गप्प केलं. मग तिघीही माझ्यासाठी थांबल्या.

शेवटी मी एवढंच म्हणालो, की दर वर्षी विचारीन.

तुझा,
धाकटा