तबकावरची बिनचेहऱ्याची बाई

आश्विन, दुसरा दिवस

पोहोचलो एकदाचा तक्षशिलेला! पाच दिवस खेचराच्या पाठीवर बसून माझी बैठक पार दगडाची झाली आहे, पण मन कसं पिसासारखं हलकं आहे. चंद्रभी, तू बजावलं होतंस की रोज लिहा, मी आले की सगळं वाचून घेणार. लेखनिकाच्या पोरीशी लग्न केल्याची ही शिक्षा! तर लिहितो.

थेउदरची कर्मशाळा मोठ्या रस्त्याला लागूनच आहे. म्हातारा यवन, पण आता नावापुरताच. आपल्या भाषेत आपल्यापेक्षा झकास शिव्या देतो. माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, पुष्कलावतीवाल्यांचे हात बरे असतात, जीभ तेवढी लांब असते. मग वरची खोली दाखवली. एक काम मनासारखं करून दे, म्हणाला, की ही खोली तुझी. बायको-पोरीला खुशाल बोलावून घे. खिडकीसमोर डाळिंबाचं झाड आहे. तिमीला फार आवडेल.

आश्विन, तिसरा दिवस

काम आहे शृंगाराच्या तबकाचं. वीतभर रुंदीचं, गोल, हिरवट शंखजिऱ्याच्या मऊ दगडाचं. खालच्या अर्ध्या भागात काजळ, आळता आणि चंदनाच्या उटीसाठी तीन कप्पे. वर समुद्रातलं जनावर, पुढून घोडा, मागून मासा, आणि त्याच्या पाठीवर बसलेली बाई. मिहिरक सरदाराच्या मुलीचं लग्न कार्तिकी पौर्णिमेला आहे. दगड तिनं स्वतः निवडलाय, त्यामुळे दुसरा चालणार नाही.

आधीच्या झोइल नावाच्या कारागिरानं सगळं कोरून ठेवलंय. जनावराचा खवला न् खवला सुटा दिसतो, बाईच्या अंगावरचं वस्त्र तर वाऱ्यानं खरंच फडफडतंय असं वाटतं. राहिलाय फक्त तिचा चेहरा. वालाच्या दाण्याएवढी जागा! दोन दिवसांचं काम.

शेजारी बसणारा स्पलक हा शक. उंच टोपी घालतो आणि दिवसभर टोमणे मारतो. म्हणाला, "समुद्र तूही पाहिला नाहीस, झोइलनंही नव्हता पाहिला. बाई तरी पाहिलीयस ना, गड्या?" झोइल कुठे गेला विचारलं, तर थेउदरनं मध्येच तोडलं : कंटाळला आणि गेला.

आश्विन, पाचवा दिवस

चेहरा झाला. कुणाचा करावा ते सुचेना, म्हणून आईचा केला. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ते किंचित फेंदारलेलं नाक, ओठ मुडपून हसणं, सगळं उतरलं. थेउदरनं भिंगातून बघून नुसतं "हं" केलं. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ झालं, असं स्पलक म्हणतो. तबक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं.

आश्विन, सहावा दिवस

फडकं सोडलं तर चेहरा नाही. कुणी घासून काढला असावा म्हणून बोट फिरवलं. घासला असता तर खड्डा पडला असता. दगड पहिल्यासारखाच फुगीर, कधी छिन्नीच लागली नाही असा.

स्पलकची गचांडी धरली. त्यानं शपथा घेतल्या, मग तोही तापला आणि म्हणाला, तुझ्या वालाच्या दाण्यासाठी मी माझी झोप मोडू होय? थेउदर आम्हा दोघांवर खेकसला. दिवस फुकट गेला.

आश्विन, अकरावा दिवस

आईचाच चेहरा परत करायला बसलो. जमेना. नाक कसं होतं? फेंदारलेलं, असं मी वर लिहिलंय खरं, पण डोळ्यांपुढे काही येत नाही. मागची पानं वाचून कोरायचा प्रयत्न केला, हात नुसताच अडखळला. शेवटी छिन्नी आपटली, ती माझ्याच पायावर.

थेउदर म्हणतो, नऊ दिवस झाले, नुसता दगड चोळतोयस.

आश्विन, सतरावा दिवस

चंद्रभी, आज तुझा चेहरा कोरला. डोळे मिटूनही करता आला असता. डाव्या भुवईवरचा तीळसुद्धा टोचला. या वेळी तबक पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली. आता बघू.

आश्विन, अठरावा दिवस

कोरा. कुलूप जसंच्या तसं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की समोरचा मण्यांचा दुकानदार धावत आला. वर स्पलक म्हणतो, बाईला तुझं काम पसंत नसेल. हसवायला म्हणाला असेल बिचारा. मी त्याच्या अंगावर पाण्याचं भांडं फेकलं.

आश्विन, विसावा दिवस

स्पलकनंच मला आज उत्तरेच्या वेशीपाशी नेलं. म्हणाला, माझ्यावर विश्वास नाही ना, मग ह्याला विचार. तिथे भिंतीला टेकून एक धडधाकट माणूस बसला होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला हात जोडून म्हणायचा, तोंडाला हात लावू द्या. कुणी दया येऊन वाकलं की बोटांनी कपाळ, नाक, हनुवटी चाचपायचा आणि मान हलवायचा. हा झोइल. डोळे चांगले आहेत त्याचे. त्यानं वेशीवरचे कावळे मोजून दाखवले.

मी तबकाचं नाव काढताच त्यानं माझं मनगट पकडलं. म्हणाला, ओळखीचा चेहरा कोरू नकोस. ती ठेवून घेते. मी सहा दिले. बायको, बाप, तिन्ही भाऊ. सहावा कुणाचा होता तेही आता आठवत नाही. त्यातले जे जिवंत आहेत, ते समोर आले की मानेवर नुसता गुळगुळीत दगड दिसतो. त्यांच्यासारखं नाक, हनुवटी दुसऱ्या कुणाची असेल, बोटांना तरी ओळख पटेल, म्हणून तो चाचपत बसतो.

मी म्हटलं, मग फोडलं का नाहीस? म्हणाला, फोडून बघ.

आश्विन, एकविसावा दिवस

बघितलं. हातोडीचा दांडा तुटला. तबकावर ओरखडासुद्धा नाही.

थेउदरला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, रागावला नाही, हेच वाईट. म्हणाला, झोइलही असंच म्हणायचा. सरदाराला मी काय सांगू, दगडाला भूक लागते म्हणून? तू नाही केलंस तर स्पलक करेल. स्पलकला पाच पोरं आहेत.

चंद्रभी, तुझी आठवण काढायला बसलो. आवाज येतो. हातावरचा भाजल्याचा डाग दिसतो. वर काहीच नाही. तीळ कोणत्या भुवईवर, ते मागच्या पानावर बघावं लागलं. येऊ नकोस, असा निरोप एका काफिल्याबरोबर धाडलाय.

कार्तिक, तिसरा दिवस

निरोप चुकला. आज दुपारी ती आली. घर भावाला देऊन, सगळं सामान घेऊन आली. जिना चढताना हाक मारली, "अहो, झोपलात की काय?" आवाज तिचाच. मी दारात गेलो आणि—

केस आहेत. कानातलं आहे. त्यांच्यामध्ये हिरवट, गुळगुळीत—

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ती विचारत होती, असं का बघताय, ताप आलाय का? बोलताना तिथे काही हलतही नव्हतं.

तिमी मात्र तशीच आहे. बरं झालं, तिचा नाही कोरला. तिला कुशीत घेऊन रडलो. चंद्रभी बाजूला उभी होती. तिचं तोंड दिसत नव्हतं, पण बोटं पदराचं टोक पिळत होती. आता तिला ही पानं कशी देऊ?

कार्तिक, नववा दिवस

तबक पूर्ण करून एकदाचं घराबाहेर घालवायचं, ठरलं. चेहरा कुणाचाच नसेल असा करायचा. नाक इथलं, ओठ तिथले.

एक कळलं. काल नुसत्या ओठांची रेघ मारून बघत राहिलो. नजर तिच्यावर असेतो रेघ टिकली. पापणी लवली तरी चालते. खालून थेउदरनं हाक मारली, मान वळवली, परत बघतो तर कोरा. एवढ्यात!

म्हणजे पौर्णिमेला सरदाराच्या वाड्यापर्यंत बघत बघत न्यायचं. मग ती तबकावरची बाई जाणे आणि नवरी जाणे. एवढा कसा नीच झालो मी?

कार्तिक, चौदावा दिवस, सकाळ

चेहरा झाला. भरभर झाला. हात आपोआप चालत होता. कुणाचाच नाही, कुणाचाच नाही, असं म्हणत कोरलं. भुकटी फुंकली.

गोबरे गाल. हनुवटीवर खळी.

हा तिमीचा—

कार्तिक, चौदावा, दुपार

तबकावरून नजर काढलेली नाही. पानाकडे न बघता लिहितोय, ओळी वाकड्या होत असतील. पुसून काढता येत नाही, कानस नुसती घसरते. बघत राहायचं एवढंच. स्पलकला म्हटलं, मी दमलो की तू बघ. तो बसला, मी क्षणभरच— गाल सपाट व्हायला लागले. माझेच डोळे लागतात.

चंद्रभी दाराशी बसून रडतेय. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग माझं तोंड तुम्हाला कधीच—? मी हो म्हटलं. तबकाकडे बघत.

पंधरावा

डोळ्यांची आग. पाणी गळतंय. चंद्रभी पाणी मारते. तबक न्यायला सरदाराची पालखी संध्याकाळी येणार— नवरीच्या हाती गेलं की कदाचित सुटेन— संध्याकाळपर्यंत, फक्त—

तिमी खोलीत आली. म्हणते, बाबा, माझा दात पडला. बघा ना.

नंतर बघतो म्हटलं. आत्ता, म्हणते.

चंद्रभी तिला ओढतेय. ती हात सोडवून— रडतेय. तुम्ही माझ्याकडे बघतच नाही, म्हणते. माझ्या मांडीवर चढली. तिमी, नको. चिमुकले हात माझ्या गालांवर, मान वळव—