लाल गाडीची चौकशी

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून ही वही. कुणाला दाखवायची नाही. जागा: कपाटात, स्वेटरांच्या मागे.

निर्णय झाला. आपल्या शहराची भुयारी रेल्वे, तिन्ही लाइन, सतरा स्टेशनं, मागच्या खोलीत उभी करणार. मॉडेल रेल्वे क्लबने मला दोनदा नाकारलंय. पहिल्यांदा म्हणाले जागा नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, आधी एखादं मॉडेल तरी दाखवा. सप्टेंबरात त्यांचं प्रदर्शन आहे, आणि मेंबरशिपची जागा एकच. ती माझी. मेअखेर काम आटपायचं, मग नुसतं पॉलिश.

हिला सांगितलं. ही म्हणाली, त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे. हिचा विरोध नोंदवून घेतला.

११ फेब्रुवारी
मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो, वायरिंग येतं. म्हणाला, भाऊजी, मी करतो की मदत. न बोलावता. आमच्या इन्शुरन्समध्ये अशा माणसाच्या फाइलवर आम्ही खूण करून ठेवतो. एकवीस वर्षं खोटे क्लेम पकडतोय, माणूस बसल्या जागेवरून कळतो. तूर्त ठेवून घेतलाय. लक्ष ठेवणार.

९ मार्च, दुपारी १
प्रत्यक्ष पाहणी. टेप घेऊन प्लॅटफॉर्मवर गेलो, खांबांमधली अंतरं लिहीत होतो. गार्ड आला. काय करताय? मोजतोय. कशासाठी? मी म्हणालो, ते सांगता येणार नाही. (क्लबमधलं कुणी ऐकलं तर?) त्यावर त्याने मला केबिनमध्ये बसवून ठेवलं. ही न्यायला आली तेव्हा सोडलं. गार्ड हिला म्हणाला, यांना एकटं पाठवत जाऊ नका.

म्हणजे रेल्वेला माझ्या मॉडेलची कुणकुण लागली आहे. पण सांगितलं कुणी?

६ एप्रिल
सगळे रूळ टाकून झाले. टाकले मेहुण्याने, पण देखरेख माझी. मी स्टेशनांच्या पाट्या रंगवतोय. कौशल्याचं काम तेच. चार झाल्या.

मेहुणा सांगत होता, काल दुपारी गाडी चालवून बघितली, झकास धावली, ताईने टाळ्या वाजवल्या. काल दुपारी मी ऑफिसात होतो. नेमका तेव्हाच मुहूर्त कसा लागला? नोंद केली.

११ मे
वाद. मेहुणा म्हणतो, एका बाजूने काच लावू, गाडी दिसेल. मी शांतपणे विचारलं, भुयाराला काच कुठे बघितलीस? दिसली तर ती भुयारी कसली? तो म्हणाला, पण लोक बघणार काय? याला काच कशाला हवी ते न कळायला मी दूधखुळा नाही. बाहेरून वायरिंग टिपून घ्यायचं आणि क्लबमधल्या कुणाला तरी पोचवायचं. वायरिंग त्यानेच केलंय ही गोष्ट वेगळी.

त्याच्यासमोर प्लायवूड बसवला. आधी गोंद, मग स्क्रू. बत्तीस. फक्त दोन टोकांना गाडीपुरती तोंडं ठेवली. आता मुंगीसुद्धा आत जायची नाही.

मेअखेरचं वेळापत्रक जूनअखेर केलं.

१५ जून
लाल गाडी चोरीला गेली.

घटनाक्रम. ५.१०: मेहुण्याने बटण दाबलं. लाल गाडी, चार डबे, आत शिरली. मी त्या वेळी स्टॉपवॉचकडे बघत होतो. ५.१२: दुसऱ्या तोंडातून बाहेर यायला हवी. ५.४०: पत्ता नाही. खोलीत माणसं दोन. मी नेली नाही. उरलं कोण?

मेहुण्याची बॅग तपासली. पक्कड, टेस्टर, जेवणाचा डबा, हिच्या गुडघ्यासाठी आणलेलं मलम. गाडी नाही. याचा अर्थ माल आधीच बाहेर गेला. मी त्याला तसं तोंडावर म्हणालो. त्याने सामान परत बॅगेत भरलं. मलम टेबलावर ठेवलं, बॅग उचलली, गेला. खरा गुन्हेगार गप्पच बसतो, हा माझा अनुभव आहे.

ही मात्र बोलली. ते इथे लिहीत नाही.

६ जुलै
मेहुणा तीन आठवडे फिरकलेला नाही. ही दर रविवारी त्याच्याकडे जाते. आज आली ती बोटांना निळा रंग लावून. विचारलं. म्हणाली, त्याच्याकडे रंगकाम चाललंय. कसलं, ते सांगितलं नाही. आपली दोन नंबरची लाइन निळीच आहे. चौकशी चालू.

राहिलेलं वायरिंग मीच करतोय. त्यात काही विशेष नाही. घरातली लाइट तीनदा गेली, पण बिल्डिंगच जुनी आहे.

१० ऑगस्ट
सुतार बोलावला. माझे स्क्रू इतके पक्के की त्याला फळी कापावी लागली. लाल गाडी आतच होती. तिसऱ्या वळणावर, आडवी पडलेली. रुळावर गोंदाचा गोळा वाळून खडा झालेला. सुतार म्हणाला, फळी चिकटवताना ओघळलाय.

गोंद माझा, मान्य. पण माल सापडला म्हणून चोरी झालीच नाही असं होत नाही. माणसं वस्तू परत आणून ठेवतात. बत्तीस स्क्रूंच्या आत कशी ठेवली, एवढाच मुद्दा सुटत नाहीये.

ही दारात उभी होती. म्हणाली, त्याला फोन करा. उद्या करणार.

१७ ऑगस्ट
फोनपेक्षा लेखी बरं. ‘तुमच्यावर संशय घेण्यास सबळ कारण होते, तथापि...’ सहा वेळा लिहिलं. दर वेळी ‘तथापि’पाशी गाडी अडते. मेहुण्याला मी कधी अहोजाहो केलेलं नाही, तेही एक. पाठवलं नाही.

त्याच्याशिवाय खोलीत करमत नाही. तो काम करताना शीळ घालायचा, तेव्हा मी वैतागायचो.

३१ ऑगस्ट
नवी फळी ठोकली. पाट्या अकरा झाल्या, बाकीची स्टेशनं ‘कामासाठी बंद’ दाखवणार. खऱ्या रेल्वेतही असतात. गाड्या आत आहेत. चालत असाव्यात. घरघर ऐकू येते.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी ७
प्रदर्शन झालं. सविस्तर लिहिण्याचा मूड नाही.

परीक्षक म्हणजे भुयारी रेल्वेतून रिटायर झालेले एक मोटरमन. ते येण्याआधी कुणीतरी मॉडेलवर चहाचा कप ठेवून गेलं होतं. एका बाईंनी विचारलं, हे टेबल कुणाचं? परीक्षक आले, मी बटण दाबलं. पाच मिनिटं आम्ही दोघं प्लायवूडकडे बघत उभे. त्यांनी वाकून कान लावला. म्हणाले, आत फ्रिजची मोटर आहे का? मी म्हणालो, भुयारी रेल्वे आहे, दिसणार कशी? ते म्हणाले, अहो, मी तीस वर्षं भुयारात काढली, पण मला समोरचं दिसत होतं.

मेंबरशिप पलीकडच्या रांगेतल्या मॉडेलला. दोनच स्टेशनं, पुढून काच, निळी गाडी, असं ऐकलं. भोवती इतकी गर्दी की मला काही दिसलं नाही. मेंबर कोण झालं? मेहुणा. शेजारी ही उभी, पाट्या हिने रंगवलेल्या. म्हणजे माझा संशय खरा होता. सात महिन्यांत एक तरी खरा निघाला. क्लबकडे तक्रार करणार. मुद्दे: नऊ.

२१ सप्टेंबर, रविवार
तक्रारीची एक प्रत मेहुण्याला द्यावी, रीतसर, म्हणून त्याच्या घरी गेलो. ही तिथेच होती. मेहुण्याने काही विचारलं नाही. काचेसमोर खुर्ची ठेवली, म्हणाला, बसा भाऊजी, आणि बटण दाबलं. निळी गाडी आली, थांबली, पुढे गेली, फिरून पुन्हा आली. डब्यांत बारीक दिवे लावलेत त्याने.

ही म्हणते, मी पाऊण तास हललो नाही. मध्येच त्याची माफी मागितली, तीही गाडीकडे बघतच. तो म्हणाला, ठीक आहे, थोडं मागे सरका, काचेवर वाफ धरतेय.

फेब्रुवारीपासून मी गाडी चालताना एकदाही पाहिली नव्हती.