देव्हाऱ्यातला मी

भाद्रपद वद्य २, शके १८५१. सोलापूर, शुक्रवार पेठ, तालीम.

आज कुस्तीच्या हौदातली माती खणली. एकट्यानंच. गिरणीच्या पाळ्या बदलल्यापासून पोरं येतात तेव्हा येतात. पण मातीला ते कळत नाही. दोन दिवस हात लावला नाही की पायाखाली वीट होते. ताक ओतलं, हळद टाकली, तेल कमी पडलं. गुडघा कुरकुर करत होता, त्याला म्हटलं गप बस, तुला काय दुसरं काम आहे.

कासिम गेल्यापासून बोलणंच बंद पडलंय. जर्मनच्या लढाईत आम्ही एकाच पलटणीतले. एकाच दिवशी तुर्कांच्या हाती लागलो, एकाच आगबोटीनं परत आलो. तिकडचं काही मनात आलं की मी त्याच्याकडं बघायचं, त्यानं मान हलवायची. झालं बोलणं. आता कुणाकडं बघू? म्हणून ही वही. अक्षर गिचमिड आहे. दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेल्याचं आणखी कसं असणार.

वद्य ४

तुका आला. धाकटा भाऊ, मैंदर्गीहून, न सांगता. हातात फडक्याची पुरचुंडी. घट बसायच्या आधी देव्हाऱ्यातले टाक उजळायला आणलेत.

दोघं सोनाराकडं गेलो. त्यानं एकेक चांदीचा टाक पाटावर मांडला. खंडोबा, अंबाबाई, आजा, बाप. शेवटी घोड्यावर बसलेला एक.

"हा वीर कोण?"

तुका खाली बघून म्हणाला, "आमचे थोरले बंधू. लामावर गेल्यात."

"लढाईत? लई पुण्यवान माणूस. पर नाक झिजलंय बघा, रोज कुंकू लावून लावून."

मी शेजारीच बसलेलो. हात आपोआप नाकाला गेला. तुकानं बघितलं. त्याला हसू फुटलं, मग डोळे पुसत बसला. सोनाराला वाटलं भावाच्या आठवणीनं.

आईनं करून घेतला तो टाक. सरकारचा कागद आला होता, माणसाचा पत्ता नाही म्हणून. दर्भाचा पुतळा करून मला जाळलं, पिंड दिले, आणि चांदीचा करून देवात बसवलं. मी परत आलो तोवर आईही गेलेली. टाक कुणी हलवायचा ते कुणालाच ठरवता येईना. राहिला तो राहिलाच.

वद्य ५

तुका जाताना उंबऱ्यात अडखळला. तेव्हा खरं बोलला. त्याच्या पोरीचं, सखूचं, लग्न जमत आलेलं. पोरगी पसंत, सगळं पसंत. मग कुणीतरी पाहुण्यांच्या कानावर घातलं, त्या घरात जित्या माणसाचा टाक पुजतात. ते बिचकले. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाले.

"अण्णा, तुमी या. भावकीम्होरं तुमच्या हातानं टाक उचला, नदीला सोडा. मंग कुणाची बोलायची टाप न्हाय."

"आणि चंद्रा?"

तुका जोड्यात पाय घालत राहिला. किती वेळ लागतो जोड्यात पाय घालायला.

वद्य ६

लिहूनच टाकतो.

चंद्रा माझी बायको. होती. मी मेल्यावर आईनंच पुढं होऊन तिचा पाट लावून दिला, गावातल्याच सिद्रामशी. आमच्यात लागतो पाट. आईनं वाईट केलं नाही. तरणी बाई किती दिवस पांढऱ्या कपाळानं ठेवायची.

मी परत आलो तेव्हा वेशीतून पहिलंच घर सिद्रामचं. ती दारात उभी, कडेवर लेकरू. ओळखलं तिनं. ओरडली नाही. पदर तेवढा पुढं ओढला, आणि लेकराचं डोकं आत घेतलं, जणू मी ते मागायलाच आलो होतो.

पहिला नवरा जिवंत निघाला तर पंच बसतात. बाई कुणाची, लेकरं कुणाची, सगळं चव्हाट्यावर. मी तिथूनच मागं फिरलो. तुका मळ्यात होता, त्याला बांधावरून सांगितलं, मी आलोच नाही असं समज. न आलेल्याचा निवाडा कोण करणार? त्यानंतर वेस ओलांडली नाही. लोक मला सोलापुरात बघतात, रामराम करतात, गावात जाऊन गप्प बसतात. गावाचे हे उपकार आहेत.

आता टाक उचलायचा म्हणजे सगळ्यांसमोर जिवंत व्हायचं. सखूचं लग्न होईल. आणि चंद्राचा संसार पंचांच्या पाटावर जाईल.

एकीचं भलं केलं की दुसरीचं...

वद्य ९

पाऊस नाही, उकाडा. पोरं आली होती. नरसू विणकर, त्याची पट काढायची घाई अजून जात नाही. पाठीवर आपटला दोनदा.

"वस्ताद, तुम्ही तुर्काला कुठल्या डावानं चीत केलं?"

"मीच पडलो की रे."

सगळे हसले. त्यांना वाटतं म्हातारा थट्टा करतो.

थट्टा नव्हती. डोंगरात बोगदा खणायला ठेवलं होतं आम्हाला. पहाऱ्यावर एक दांडगा शिपाई, तोही पैलवान. तिकडं अंगाला तेल चोपडून लढतात, माती नाही. माझे कुस्तीत मोडलेले कान बघून त्यानं ओळखलं. बोटानं खूण केली, ये. मी तेव्हा काठी झालेलो, अंगात काय होतं? त्यानं माझ्या अंगावर बुधलीभर तेल ओतलं. पकडायला गेलो की हात सटकायचा. मी खाली वाकून मूठभर माती घेतली, अंगाला चोळली, तर सगळे पहारेकरी खो खो हसले. पाडलं त्यानं मला. एकदा नाही. पण पाठ टेकली की मी उठायचो. शेवटी तोच दमला, की कंटाळला.

तो वळल्यावर मी हातावरचं तेल चाटलं. कोपरापर्यंत. मातीसकट. उपाशी माणसाला चव कळत नाही, तेल आहे एवढंच कळतं. मान वर केली तर तो बघत होता. त्यानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बंडीच्या आतून भाकर काढून दिली. मी अर्धी कासिमला दिली. त्या भाकरीवर आम्ही दोघं तरलो. डावा कान मात्र दुसऱ्याच एका पहारेकऱ्यानं दिलेल्या फटक्यात गेला तो गेलाच.

हे पोरांना काय सांगायचं. जोर काढायला लावले.

अमावास्या

सर्वपित्री. मैंदर्गीला आज माझं पान वाढलं असेल. भावजय पारू दरवर्षी वाढते. एकदा ती इथं आली तेव्हा तिला म्हटलं होतं, अगं मी आहे की. तर म्हणाली, "असू द्या की भावजी, सासूबाईंनी लावून दिलेलं हाय, मोडवत न्हाय." तिकडं माझी खीर कावळा खातोय. मी इथं पिठलं घोटलं, ते तळाला लागलं.

तालमीच्या कौलावर कावळे होते. त्यांनाही घास टाकला. एकही आला नाही. जिवंत माणसाच्या हातचं त्यांना आज नको असेल.

आश्विन शुद्ध २

तुका पुन्हा आला. अक्कलकोटच्या एका म्हाताऱ्या भटजींना विचारून आलाय. तोंड उजळलेलं. भटजींनी वाट काढली. ज्याचे पिंड झाले तो मेला तो मेलाच. त्याला उठवायचा नाही. टाक देव्हाऱ्यात राहील. जो परत आला त्याचा नवा जन्म करायचा. तूप-पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाळंतविडा दाखवायचा, बारसं करायचं, नवं नाव ठेवायचं. त्या नव्या माणसाचा जुन्याच्या कशावरच हक्क नाही. शेतावर नाही, बायकोवर नाही.

"म्हंजी बघा अण्णा, टाक जित्या माणसाचा ऱ्हात न्हाय. सोयरे राजी. आन् चंद्रावैनीला पंच काय इचारणार? तिचा पयला दादला मेलेलाच की!"

"तुपाच्या हंड्यात बसवणार होय मला? एवढा हंडा कुठला रे गावात?"

"गुळाची कायल आणू."

हसलो दोघंही. बऱ्याच दिवसांनी पोटातून हसलो.

मग म्हटलं, "नाव टाकायचं?"

"व्हय. तेवढंच."

तेवढंच म्हणाला.

शुद्ध ३

माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून आईनं माझं नाव धोंडिबा ठेवलं. दगडधोंड्याचं नाव, यमाच्या नजरेत भरू नये म्हणून. मी पुढं कुस्त्या मारू लागलो तेव्हा मैदानात लोक ओरडायचे, मैंदर्गीचा धोंडिबा. आई म्हणायची, हळू म्हणा, यम ऐकंल.

तिकडं रोज सकाळी माणसं मोजायचे. नावं नव्हती, नुसती डोकी. मोजणी झाली की मी बैठका काढायचो. अंगात बळ असो नसो. प्रत्येक बैठकीला मनात म्हणायचं, मैंदर्गीचा धोंडिबा. कासिम म्हणायचा, "अरे पगले, ताकद बचा." मी म्हणायचो, हीच वाचवतोय. शेजारी झोपलेली माणसं सकाळी उठायची नाहीत. मी उठायचो. मला वाटतं नावानंच उठवलं. आईनं घातलेला दगड कुणाला हलला नाही.

तो आता मी उचलून बाजूला ठेवू?

शुद्ध ४

नाही जमायचं. तुकाला तसं कळवतो. सखूला दुसरं स्थळ मिळेल. पोरगी गुणाची आहे.

(कळवलं नाही.)

शुद्ध ६

आज जे झालं ते.

दुपारी माती भिजवत होतो. दारात एक माणूस, पागोटं हातात धरलेलं. सडपातळ, उन्हानं रापलेला. आत येताना हौदाला हात लावून कपाळाला लावला. म्हटलं पैलवान नव्हे, पण रीत जाणतो.

"मी सिद्राम."

इतक्या वर्षांत आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. बस म्हटलं. तो बसेना. डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून मी उजवी बाजू करून जवळ सरकलो, तर त्याला वाटलं मी अंगावर येतोय. दचकला. मग दोघंही ओशाळलो.

"तिनं धाडलंय," म्हणाला. "तुकाकडनं बारशाचं कळलं. ती म्हणती, त्यास्नी नाव टाकायला लावू नका. नावानं जगलेला माणूस हाय. तुमी धोंडिबा म्हणूनच या, टाक उचला. पंच बसले तर बसू द्या. ती म्हणती मी बोलंन पंचांम्होरं."

"आणि तू? तू काय म्हणतोस?"

पागोट्याचा पदर बोटांना गुंडाळत राहिला. "मला भ्या वाटतंय," म्हणाला. "पर तिचं खरं हाय."

भाकरी-ठेचा होता, तो पुढं केला. एकाच ताटात खाल्लं. तो भाकरीचा पापुद्रा आधी काढून बाजूला ठेवतो, शेवटी खातो. चंद्राही तसंच करायची. त्यानं तिच्याकडून उचललं असेल, की तिनं त्याच्याकडून? नाही, ती आधीपासूनच...

विचारलं, लेकरं बरी आहेत का. थोरला मळ्यात हाताखाली येतो म्हणाला. धाकटी आईवर गेली आहे म्हणाला.

निघताना म्हटलं, "तिला सांग, धोंडिबा तिकडंच राहिला. ती जे समजली ते बरोबरच होतं. नव्या माणसाच्या बारशाला दोघांनी या."

तो पाया पडायला वाकला. मी धरला. मातीच्या हातानं धरला, त्याच्या बंडीवर माझे पंजे उमटले.

शुद्ध ७

सिद्राम भला निघाला. वाईट असता तर सोपं गेलं असतं, असं काल संध्याकाळभर वाटत होतं. आज तसं वाटत नाही. ती पंचांसमोर उभी राहायला निघाली होती माझ्या नावासाठी. एवढं पुरे आहे की म्हाताऱ्या माणसाला. पुरे आहे, पण तालीम आज फार मोठी वाटतेय. झाडून काढायला वेळ लागला.

नरसूला सांगितलं, गावाला जातोय, मातीकडं बघ.

"कधी येणार वस्ताद?"

"येईन. पण वस्तादच म्हण हं मला आल्यावरही."

"मग काय म्हणणार?" म्हणाला. वेडाच आहे.

शुद्ध ९

खंडेनवमी. कुदळ, फावडं, मुदगल पुजले. उद्या दसरा, उद्याच बारसं. तुका न्यायला आलाय, दुपारच्या गाडीनं अक्कलकोट, पुढं बैलगाडी. बाहेर उभा राहून घाई करतोय.

सकाळी शेवटची माती खणली. जमतील तेवढ्या बैठका काढल्या, प्रत्येक बैठकीला नाव घेतलं, या वेळी मोठ्यानं. तालमीत कुणी नव्हतं. हौदातून चिमूटभर माती कागदात बांधून बंडीच्या खिशात टाकली आहे. टाकापुढं ठेवीन. त्या घोड्यावरच्याला आईनं लढवय्या केलं, पण मातीतला होता बिचारा.

नवं नाव काय ते मला कुणी सांगितलेलं नाही. बाळाला कुठं आधी सांगतात. तुकाला एवढंच विचारलं, बारशाला कानात नाव सांगते आत्या. आपल्याला तर आता आत्या नाही. मग कोण?

"हाय की एकजण. कबूल झालीया."

कोण ते सांगायचं सोडून त्यानं बैलांच्या वैरणीचं काहीतरी काढलं. मीही विचारलं नाही.

डावा कान कामाचा नाही. उजवा पुढं करीन.